एका बाटलीतून चार डेव्हलपर: कृष्णधवल फिल्मवरचे घरगुती प्रयोग

कृष्णधवल रोल घरी धुवायची सवय झाली की नव्या डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणाची, चटक लागते. कुणी रोडिनालचं कौतुक करतं, कुणी कॉफीत धुतलेल्या निगेटिव्ह दाखवतं, आणि आपण दर रोलला बाटली बदलत राहतो. पण रोल वेगळा, प्रकाश वेगळा, पाण्याचं तापमान वेगळं आणि डेव्हलपरही वेगळा असेल, तर निगेटिव्हमधला फरक नेमका कशामुळे पडला ते कळायला मार्गच उरत नाही. पैसे मात्र उडतात.

म्हणून इथे उलट वाट धरली आहे. फिल्म एक, दृश्य एक, तापमान एक. बदलायचा तो फक्त डेव्हलपर, आणि तोसुद्धा दुकानातल्या चार बाटल्यांऐवजी घरी बनवलेल्या डी-२३ या एकाच द्रावणातून चार तऱ्हांनी काढलेला. निदान दोन-तीन रोल तुम्ही स्वतः धुतले आहेत, अंधारात रिळावर फिल्म चढवता येते, हे मी गृहीत धरतो.

डी-२३च का?

कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२० च्या दशकातला. इल्फर्डचा आयडी-११ म्हणजे व्यवहारात तोच. त्यात मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि टाकणखार अशी चार रसायनं असतात. १९४० च्या दशकात कोडॅकनेच डी-२३ दिला, त्यात दोनच: मेटॉल आणि सल्फाइट. प्रयोगाला हेच सोयीचं, कारण दोनच घटक असले की कोण काय करतंय ते उघड दिसतं.

प्रतिमा उमटवतो तो मेटॉल. सल्फाइट तीन कामं करतो: मेटॉलचं हवेपासून रक्षण, द्रावणाला सौम्य अल्कली गुण, आणि लिटरला १०० ग्रॅम इतकं प्रमाण असलं तर चांदीच्या क्षारकणांच्या कडा थोड्या विरघळवणं. या तिसऱ्या कामामुळे ग्रेन (चित्रात दिसणारा दाणेदारपणा) मऊ होतो, पण त्यासोबत धारही थोडी बोथट होते. द्रावण पातळ केलं की सल्फाइट कमी पडतो, ग्रेन वर येतो, कडा तीक्ष्ण होतात. पुढचे निम्मे प्रयोग या एका देवाणघेवाणीवरच उभे आहेत.

सामान

मेटॉल आणि सोडियम सल्फाइट प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला चौकशी करा, इतर शहरांत शाळा-कॉलेजांना माल पुरवणारे गाठा किंवा ऑनलाइन मागवा. 'एलआर' (प्रयोगशाळेच्या साध्या) प्रतीचा माल पुरतो, महागड्या 'एआर'ची (अतिशुद्ध प्रतीची) गरज नाही.

नाव मात्र अक्षर न् अक्षर वाचून घ्या. सल्फाइट, सल्फेट, सल्फाइड, बायसल्फाइट आणि थायोसल्फेट हे पाच वेगळे पदार्थ आहेत. काउंटरवरच्या माणसाला घाई असते, आणि सल्फाइड घरात आणण्यासारखी वस्तू नव्हे. सल्फाइट 'अनहायड्रस' म्हणजे निर्जल हवा. स्फटिकी, सात पाण्याचा मिळाला तर वजन दुप्पट धरायचं. उघडी पिशवी पावसाळ्यात ठेवली तर सल्फाइटचा हळूहळू सल्फेट होतो आणि तो निकामी ठरतो. आल्याआल्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

टाकणखार किराणा किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारी छोटा डिजिटल काटा घ्या. पाणी घरच्या आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. बोअरचं जड पाणी नको. त्यातल्या कॅल्शियममुळे द्रावणात गाळ बसतो आणि त्याचे ठिपके फिल्मवर येतात.

मेटॉलने काही जणांच्या त्वचेला चांगलीच ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे घालूनच काम करायचं. पूड तोलताना पंखा बंद, तोंडावर मास्क. मापं, चमचे, बाटल्या यांपैकी काहीही स्वयंपाकाला परत जाता कामा नये. घरात लहान मुलं असतील तर बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख लिहून ती वरच्या कपाटात. घराची प्रयोगशाळा करणं आपल्याकडे नवं नाही: दादरच्या घरात दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं करत, तेही दिवसभराचा घरगाडा ओढून.

द्रावण बनवणं

एक लिटरसाठी:
मेटॉल ७.५ ग्रॅम
सोडियम सल्फाइट (निर्जल) १०० ग्रॅम
पाणी एकूण १ लिटर

७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत गरम करा. चिमूटभर सल्फाइट आधी टाका, म्हणजे पाण्यातला प्राणवायू तो खाऊन टाकेल. मग सगळा मेटॉल टाकून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. त्यानंतर उरलेला सल्फाइट थोडा थोडा करत घाला. हा क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही, कारण दाट सल्फाइटमध्ये त्याची विद्राव्यता फार कमी. शेवटी गार पाणी घालून लिटर पुरा करा, कॉफी-फिल्टरच्या कागदातून गाळा, आणि एका मोठ्या बाटलीऐवजी काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटल्यांत ठेवा. एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी वापरलं तर उत्तम.

चौथ्या प्रयोगासाठी आणखी एक द्रावण लागेल: १ लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम टाकणखार. एवढंच.

चाचणीचा रोल

पुढचे सगळे आकडे इल्फर्ड एचपी५ प्लससाठी, आयएसओ (फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० धरून दिले आहेत. दुसरी फिल्म चालेल, पण मग वेळा तुम्हाला बसवाव्या लागतील.

दृश्य असं निवडा ज्यात गडद सावली आणि भगभगीत उजेड दोन्ही असतील आणि दोन्हींत तपशील असेल. उघड्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेला माणूस, मागे खोलीतला काळोख, बाजूला उन्हातली चुन्याची भिंत: याहून चांगला विषय मिळणं कठीण. माणूस तासभर बसायला तयार नसेल तर दोरीवर पांढरा सदरा आणि काळी घोंगडी टांगा, मध्ये एखादं मातीचं भांडं ठेवा. कॅमेरा तिपाईवर हवा, आकाश निरभ्र हवं. धावते ढग असतील त्या दिवशी हा उद्योग करू नका.

आता सहा-सहा फ्रेमच्या फेऱ्या मारा. पहिली फ्रेम लेन्सवर टोपी ठेवून कोरी. मग मीटर दाखवतो त्यापेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी, एक कमी, बरोबर, एक जास्त, दोन जास्त. हेच सहा वेळा केलं की छत्तीस फ्रेम संपतात. यातली गंमत अशी की रोल कुठूनही कापला तरी लागोपाठच्या सहा फ्रेममध्ये सगळी एक्स्पोजर सापडतातच.

३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला शेजारच्या मोकळ्या जागेसह ३८ मिमी लागतात, म्हणजे नऊ फ्रेमना ३४२ मिमी. तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून चेंजिंग बॅगेत (हात घालून काम करायच्या काळोख्या पिशवीत) ठेवा आणि हाताने चाचपत रोलचे चार तुकडे करा. प्रत्येक कापावर एखादी फ्रेम मरेल, तरी सहाची फेरी शाबूत राहते. बाहेर राहिलेली लीडरची (रोलच्या सुरुवातीच्या टोकाची) शेपटी आधीच कापून उजेडात बाजूला ठेवा, फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) तपासायला ती लागेल. एक तुकडा फिल्म धुण्याच्या टँकमध्ये जाईल, उरलेले तीन फोटो-पेपरच्या काळ्या पाकिटात, आणि ते पाकीट दुसऱ्या तशाच पाकिटात. फिल्मच्या अर्धपारदर्शक डबीवर विश्वास ठेवू नका. चारही तुकडे शक्यतो त्याच दिवशी धुवा.

तापमान: खरी लढाई इथे

बहुतेक तक्ते २० अंशांचे असतात. आपल्याकडे डिसेंबरात नाशिकला २० अंश फुकट मिळतात, मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या जवळपासही येत नाही. मी सगळ्या चाचण्या २४ अंशांवर करायला सांगेन. तो आकडा वर्षातला बराच काळ गाठता येतो आणि टिकवताही येतो, आणि टिकवता येणं हे २० च्या हट्टापेक्षा महत्त्वाचं.

ढोबळ हिशेब असा: दर अंशामागे वेळ आठ-दहा टक्क्यांनी बदलते. २० अंशांवर दहा मिनिटं लागत असतील तर २४ वर साधारण सात. मात्र एकूण वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका. तेवढ्या घाईत डेव्हलपर ओतायला आणि काढायला लागणारे सेकंदही मोठे ठरतात आणि निगेटिव्हवर असमान पट्टे येतात. उन्हाळ्यात तापमान उतरतच नसेल तर डेव्हलपर पातळ करून वेळ लांबवणं हा शहाणपणाचा उपाय.

पद्धत सोपी आहे. एका टबात २४ अंशांचं पाणी भरा आणि टँक, डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर, धुण्याचं पाणी, सगळं त्यात अर्धा तास उभं करा. गार करायचं तर गोठवलेली पाण्याची बाटली टबात सोडा. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकायचा नाही, प्रमाण बिघडतं. कोरड्या हवेत, म्हणजे पुण्यात किंवा विदर्भात एप्रिलमध्ये, माठातलं पाणी बरंच गार मिळतं. मुंबईच्या आणि कोकणातल्या दमट हवेत माठाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका, तिथे बाष्पीभवनच मंद असतं.

डेव्हलपर २४ वर आणि धुण्याचं पाणी ३३ वर असं केलं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून त्याला सुरकुत्या पडायचा धोका असतो. आजच्या फिल्म बऱ्याच कणखर आहेत, तरी सगळी पाणी दोन-तीन अंशांच्या आत ठेवावीत.

चार तुकडे, चार तऱ्हा

खालच्या वेळा सुरुवातीच्या आहेत, अंतिम नव्हेत. हलवण्याची रीत पहिल्या दोन तुकड्यांना एकच: सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा टँक उलटासुलटा करा, टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे झटका, मग दर मिनिटाच्या आरंभी पुन्हा चार वेळा.

पहिला तुकडा मूळ द्रावणात, ६ मिनिटं. ग्रेन सर्वांत मऊ, धार थोडी कमी. द्रावण पुन्हा वापरता येतं, पण चाचणीत तो मोह टाळा. प्रत्येक तुकड्याला ताजं घ्या.

दुसरा १+१, म्हणजे एक भाग द्रावण आणि एक भाग पाणी, ९ मिनिटं. वापरून ओतून द्यायचं. रोजच्या कामाला मला हाच सर्वांत आवडतो.

तिसरा १+३, १६ मिनिटं. इथे हलवणं कमी करा: पहिलं मिनिट नेहमीसारखं, नंतर दर तीन मिनिटांनी दोनदा. भिंतीसारख्या उजळ भागात मेटॉल लवकर थकतो आणि वाढ तिथल्या तिथे मंदावते, सावल्यांत मात्र तो काम करत राहतो. त्यामुळे कडक उन्हाचं दृश्य आटोक्यात येतं आणि कडा तीक्ष्ण दिसतात. फिल्मला पुरेसं मूळ द्रावण मिळायला हवं, हे इथे विसरून चालत नाही. पूर्ण रोलला किमान १०० मिली धरा. एका रोलच्या टँकमध्ये २९० मिली मावतं, म्हणजे १+३ मध्ये मूळ द्रावण जेमतेम ७२ मिली पडतं. नऊ फ्रेमच्या तुकड्याला ते भरपूर. पुढे पूर्ण रोल याच रीतीने धुवाल तेव्हा मात्र दोन रिळांचा टँक घ्या आणि एकच रीळ भरा.

चौथा तुकडा दोन अंघोळींचा. आधी मूळ द्रावणात ४ मिनिटं, दर मिनिटाला हलवत. ते बाटलीत परत ओता, मध्ये पाण्याने अजिबात न विसळता टाकणखाराचं द्रावण घाला आणि आणखी ४ मिनिटं. फिल्मच्या थरात शोषलेला मेटॉल आता जास्त अल्कली मिळाल्यामुळे जोरात कामाला लागतो. उजळ भागात तो पटकन संपतो, अंधाऱ्या भागात पुरून उरतो. दुसऱ्या अंघोळीत टँक अगदीच स्थिर ठेवू नका, फिल्मच्या कडेच्या छिद्रांपासून ओघळ उमटतात. दर मिनिटाला एक-दोनदा सावकाश उलटा. टाकणखाराचं द्रावण एकदा वापरून फेका, आणि त्याचा थेंबही पहिल्या बाटलीत जाऊ देऊ नका.

मार्च ते मेच्या उन्हात, वाड्याच्या चौकात किंवा देवळाच्या ओवरीत काम करणाऱ्यांनी हा चौथा प्रकार शिकूनच घ्यावा. काळा पाषाण आणि पांढरं धोतर एका निगेटिव्हवर बसवणारी याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

यापुढचं काम नेहमीचं. स्टॉपला साधं पाणी किंवा एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी, अर्धा मिनिट. फिक्सरमध्ये आधी ती लीडरची शेपटी टाका. पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्या. धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही. इल्फर्डची पद्धत अशी: टँक भरून पाच वेळा उलटा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांना ही माहिती जास्त उपयोगाची. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रावणाचे) दोन-चार थेंब. फिल्म बाथरूममध्ये टांगा, पंखा न लावता.

निगेटिव्ह वाचणं

आधी कडेची अक्षरं बघा. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच एक्स्पोज केलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. अक्षरंच फिकट असतील तर डेव्हलपमेंट कमी पडली. अक्षरं ठणठणीत पण चित्रं पातळ असतील तर दोष एक्स्पोजरचा.

मग सावल्या. खोलीतल्या काळोखात काहीतरी ओळखू येतंय अशी सर्वांत कमी एक्स्पोजरची फ्रेम कोणती? ती 'बरोबर'ऐवजी 'एक स्टॉप जास्त' निघाली, तर या डेव्हलपरमध्ये फिल्म ४०० ऐवजी २०० धरायला हवी. सावल्यांचा तपशील मुख्यतः एक्स्पोजर ठरवतं. डेव्हलपमेंट वाढवून तो फारसा परत येत नाही.

त्यानंतर उजेड. ज्या फ्रेममध्ये सावली जेमतेम नीट आली आहे तीच घ्या आणि वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर ठेवा. भिंतीच्या सर्वांत दाट भागातून अक्षरं कशीबशी वाचता आली पाहिजेत. मुळीच दिसत नसतील तर पुढच्या वेळी वेळ पंधरा टक्क्यांनी कमी करा, सहज वाचता आली तर तेवढीच वाढवा. डेन्सिटोमीटरशिवाय (निगेटिव्हचा दाटपणा मोजणाऱ्या यंत्राशिवाय) इतकं कळलं तरी पुष्कळ झालं.

स्कॅन करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. स्कॅनर आणि मोबाइल दोघेही प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने 'सुधारतात', आणि ज्या फरकासाठी एवढा खटाटोप केला तो तिथेच पुसला जातो. चारही पट्ट्या शेजारी ठेवून एकाच फटक्यात, एक्स्पोजर लॉक करून टिपा. ग्रेन मात्र भिंगातून, थेट निगेटिव्हवर बघा.

मग रोडिनाल आणि कॉफी

डी-२३ ची चार रूपं ओळखीची झाली की तुलनेला दुसरं टोक घ्या. रोडिनाल १८९१ पासूनचं, आग्फाच्या मोमे आंद्रेसेन यांनी काढलेलं, पॅरा-अमिनोफिनॉल या रसायनावर चालणारं. त्यात सल्फाइट अगदी थोडा, म्हणून ग्रेन रोखठोक आणि कडा धारदार. १+५० मध्ये एचपी५ ला २० अंशांवर ११ मिनिटं लागतात, २४ वर साडेसात-आठ. रोलला निदान ५ मिली रोडिनाल जायला हवं. बाटली उघडल्यावरही वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे क्वचित रोल धुणाऱ्यांना सोयीची. १+१०० मध्ये तासभर न हलवता ठेवण्याची लोकप्रिय पद्धत आपल्या उन्हाळ्यात मला पटत नाही. तासाभरात टबातलं तापमान कुठच्या कुठे जातं.

कॅफेनॉल, म्हणजे कॉफीचा डेव्हलपर, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका वर्गात जन्मलं. एक लिटरसाठी निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, जीवनसत्त्व क ची शुद्ध पूड १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. याच क्रमाने, प्रत्येक वस्तू पूर्ण विरघळल्यावर पुढची. २० अंशांवर १५ मिनिटं. सोडा स्फटिकी असेल तर ५४ ऐवजी सुमारे १४६ ग्रॅम लागतो. कॅफेनॉल बिघडलं की पहिला संशय इथेच घ्यावा. खाण्याचा सोडा चालत नाही. कॉफी बिनचिकरीची घ्या, कारण चिकरीचं प्रमाण पुडीपुडीला बदलतं आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही. चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांत साखर आणि रंग असतात, त्या नकोत. ४०० च्या फिल्मवर फॉग (प्रकाश न लागताही चढणारा काळेपणा) जास्त चढतो, त्यावर लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड हा उतारा. मिश्रण केल्यावर अर्ध्या तासात वापरून टाका. वास वाईट येतो, खिडकी उघडी ठेवा.

उरलेलं पाणी

वापरलेला डी-२३ आणि कॅफेनॉल भरपूर पाण्यासोबत सांडपाण्यात सोडता येतात, झाडांना मात्र घालू नका. फिक्सरचं तसं नाही. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक. तो वेगळ्या कॅनमध्ये साठवा. एक्स-रे केंद्रांचा जुना हायपो, म्हणजे वापरलेला फिक्सर, चांदीसाठी विकत नेणारे लोक असतात, जवळच्या केंद्रात विचारलं तर पत्ता लागतो. तो लागेपर्यंत कॅनमध्ये भांडी घासायची लोखंडी जाळी टाकून ठेवा: लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात तळाशी बसते. ही जाळी साध्या लोखंडाची हवी, स्टेनलेस स्टीलची काही उपयोगाची नाही. कॅनचं झाकण सैल ठेवा, आणि कॅन घराबाहेर.